‘जर-तर’ची वाक्ये : इंग्रजी व्याकरणातील एक आवश्यक पाठ

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे मराठी माध्यमातील विद्यार्थी इतिहास, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था या विषयांना जितका वेळ देतात, तितका इंग्रजी व्याकरणाला देत नाहीत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीची अनिवार्य पत्रिका 300 गुणांची असते. ती पात्रतेपुरती असल्याने तिचे गुण अंतिम गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. तथापि, या पत्रिकेत किमान 25 टक्के गुण मिळाले नाहीत, तर सामान्य अध्ययनाच्या पत्रिका कितीही उत्तम लिहिलेल्या असल्या तरी त्यांचा उपयोग होत नाही.

वरील परिच्छेदातील शेवटचे वाक्य ‘जर-तर’चे आहे. एका गोष्टीचे होणे दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असल्याचे सांगणारी अशी वाक्ये नियम, कायदा, अंदाज, इशारा आणि पश्चात्ताप या सर्वांसाठी लागतात. इंग्रजीत ती लिहिताना मराठी विद्यार्थ्यांच्या हातून ठरावीक चुका होतात. या चुका निष्काळजीपणामुळे होतात असे नाही. त्यातील बहुतेकांचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत असते आणि ते एकदा समजले की चूक टाळणे अवघड राहत नाही. प्रस्तुत लेखात या चुकांची कारणे आणि इंग्रजी रचनेमागील विचार यांचा परामर्श घेतला आहे.

मराठीतील संकेतार्थ

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगितले जातात. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ या वाक्यातील क्रियापदे संकेतार्थी आहेत, म्हणजे पाऊस पडलेला नाही आणि पीकही आलेले नाही. केवळ क्रियापदाच्या रूपावरून आपल्याला ही दोन्ही तथ्ये कळतात. याउलट ‘पाऊस पडला तर पीक येईल’ या वाक्यात पाऊस पडेल की नाही, हा प्रश्न खुला आहे.

इंग्रजीतही नेमके हेच दोन हेतू असतात. बोलणारा अट मांडतो आणि त्याच वेळी ती अट वास्तवाच्या किती जवळ अथवा दूर आहे हेही सुचवितो. मात्र हे अंतर दाखविण्याची इंग्रजीची रीत वेगळी आहे. इंग्रजी क्रियापद एक पाऊल भूतकाळात मागे नेते. वर्तमानकाळी रूप असेल तर अट खुली असते. भूतकाळी रूप आले की ती वास्तवापासून दूर जाते आणि ‘हॅड’सह पूर्ण भूतकाळ आला की ती कायमची मिटलेली असते. म्हणजे येथे भूतकाळी रूप काळ दाखविण्यापेक्षा अंतर दाखविते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढील सर्व नियम त्यातून आपोआप निघतात.

एका गावातील उदाहरणे

व्याकरणाची उदाहरणे विखुरलेली असली की ती लक्षात राहत नाहीत. म्हणून या लेखातील बहुतेक उदाहरणे बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका या एकाच ठिकाणची घेतली आहेत. बंगळूर वसविणारे केंपेगौडा हे येलहंक्याच्या नाडप्रभू घराण्यातील होते. पुढे 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आज येलहंक्यात हवाई दलाचा तळ आहे. 1996 पासून ‘एअरो इंडिया’ हे विमान प्रदर्शन तेथे भरत आले आहे. भारतीय रेल्वेचा चाके आणि आस तयार करणारा कारखानाही येथेच असून त्याचे उत्पादन 1984 मध्ये सुरू झाले. गावाला जुना, मोठा तलाव आहे.

केंद्रीय सेवांमुळे येथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी असते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांची परिस्थिती उद्बोधक आहे. कन्नडमध्ये ‘पाऊस आला तर’ यासाठी ‘मळे बंदरे’ असे म्हणतात आणि ‘पाऊस आला असता तर’ यासाठी ‘मळे बंदिद्दरे’. ‘जर’ असा वेगळा शब्द न वापरता तेथे क्रियापदालाच प्रत्यय लागतो. मराठीतील ‘आला तर’ आणि कन्नडमधील ‘बंदरे’ या दोन्ही रूपांत क्रियापद भूतकाळी दिसते, पण अर्थ पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीचा असतो. इंग्रजीत मात्र असे चालत नाही. त्यामुळे दोन भारतीय भाषा उत्तम येणाऱ्या विद्यार्थ्याचीही इंग्रजीत एकाच जागी गफलत होऊ शकते.

खुली अट : शून्य आणि पहिला प्रकार

जे नेहमीच घडते ते सांगताना दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ येतो. व्याकरणाच्या पुस्तकांत याला शून्य प्रकार म्हणतात. येलहंक्याच्या कारखान्यात जुन्या पोलादाची मोड विद्युत भट्टीत वितळवून, ते पोलाद ग्रॅफाइटच्या साच्यात भरून चाके ओततात. या प्रक्रियेचा आधार असलेला नियम असा लिहिता येईल :

‘इफ स्टील गेट्स हॉट इनफ, इट मेल्ट्स.’ (पोलाद पुरेसे तापले की वितळते.)

मराठीत येथे ‘जर’पेक्षा ‘की’ अधिक स्वाभाविक वाटते. भाषांतर करताना ‘तापले की’, ‘उकळले की’ अशी रचना दिसली, तर शून्य प्रकाराचा विचार करावा.

पुढे घडू शकेल अशा एखाद्या विशिष्ट गोष्टीबद्दल बोलताना अटीच्या भागात साधा वर्तमानकाळ आणि परिणामाच्या भागात ‘विल’, ‘मे’, ‘कॅन’ यांपैकी एक येते. हा पहिला प्रकार होय.

‘इफ इट रेन्स हेविली टुनाइट, द लेक विल ओव्हरफ्लो.’ (आज रात्री जोराचा पाऊस झाला तर तलाव ओसंडेल.)

मराठी वाक्यात ‘झाला’ हे भूतकाळी रूप आहे आणि इंग्रजी वाक्यात ‘रेन्स’ हे वर्तमानकाळी रूप आहे. ‘इफ इट रेन्ड टुनाइट, द लेक विल ओव्हरफ्लो’ असे लिहिल्यास अटीचा भाग दूरचा आणि परिणामाचा भाग खुला होतो. ही विसंगती म्हणजेच चूक. त्याचप्रमाणे ‘पाऊस येईल तर’ या रचनेच्या प्रभावाने ‘इफ इट विल रेन’ असे लिहिले जाते, तेही अयोग्य आहे. भविष्याचा अर्थ परिणामाच्या भागातील ‘विल’ने आलेला असतो. अटीच्या भागात त्याची पुनरुक्ती लागत नाही. विनंती किंवा तयारी दर्शविताना मात्र ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ (आपण क्षणभर थांबाल तर) अशी सभ्य रचना इंग्रजीत चालते. तेथे ‘विल’ हा शब्द भविष्यकाळ दाखवीत नाही, तो समोरच्याची इच्छा दाखवितो.

दूरची अट : दुसरा प्रकार

जे आज तसे नाही, अथवा घडण्याची शक्यता बोलणाऱ्यास फारच कमी वाटते, ते सांगताना अटीच्या भागात साधा भूतकाळ आणि परिणामाच्या भागात ‘वुड’, ‘कुड’ किंवा ‘माइट’ येते.

‘इफ द ड्रेन वेअर वाइडर, द वॉटर वुड फ्लो अवे फास्टर.’ (नाला अधिक रुंद असता तर पाणी लवकर वाहून गेले असते.)

येथे ‘वेअर’ हे अनेकवचनी वाटणारे रूप एकवचनी कर्त्याबरोबरही येते. औपचारिक लेखनात आणि परीक्षेत ‘आय’, ‘ही’, ‘इट’ या सर्वांबरोबर ‘वेअर’ वापरणे सुरक्षित होय. बोलण्यात ‘वॉज’ही ऐकू येते.

या प्रकारात भूतकाळी रूप असले तरी विषय आजचा असतो. वाक्याचा अभिप्रेत अर्थ असा, की नाला आज पुरेसा रुंद नाही. ‘भूतकाळी रूप म्हणजे घडून गेलेली गोष्ट’ हे शाळेत पाठ केलेले समीकरण या ठिकाणी बाजूला ठेवावे लागते.

‘इफ इट रेन्ड टुमॉरो, द लेक वुड ओव्हरफ्लो’ हे वाक्यही व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. मात्र त्यातून उद्या पाऊस येण्याची बोलणाऱ्यास फारशी अपेक्षा नाही, असे सूचित होते. हवामानाचा इशारा देताना हे वाक्य वापरले, तर ऐकणारा निर्धास्त राहील. रूपाची निवड म्हणजे जबाबदारीचीही निवड असते, ती अशी.

मिटलेली अट : तिसरा प्रकार

जे घडून गेले ते बदलता येत नाही. तसे घडले नसते तर काय झाले असते, हे सांगताना अटीच्या भागात ‘हॅड’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप, तर परिणामाच्या भागात ‘वुड हॅव’ आणि तिसरे रूप येते.

नोव्हेंबर 2021 मध्ये अतिवृष्टीनंतर येलहंका तलाव ओसंडला आणि जवळच्या केंद्रीय विहार या वसाहतीत पाणी शिरले. त्या घटनेबद्दल असे वाक्य लिहिता येईल :

‘इफ द ड्रेन हॅड बीन वाइडर, द वॉटर माइट नॉट हॅव एंटर्ड द हाउसेस.’ (नाला अधिक रुंद असता तर कदाचित पाणी घरांत शिरले नसते.)

‘वुड नॉट हॅव’ऐवजी येथे ‘माइट नॉट हॅव’ वापरले आहे. नाला रुंद असता तर पाणी नक्कीच शिरले नसते, असे म्हणण्यासाठी त्या रात्रीचा पाऊस, तलावाची क्षमता आणि नाल्याची वहनक्षमता यांचा हिशेब हाती असावा लागतो. तो नसताना ‘वुड’ वापरणे म्हणजे पुराव्याशिवाय निवाडा देणे होय.

भूतकाळातील अटीचा परिणाम आजच्या स्थितीवर होत असेल, तर मिश्र प्रकार येतो :

‘इफ द व्हील फॅक्टरी हॅड नॉट बीन बिल्ट, येलहंका वुड बी अ डिफरंट टाउन टुडे.’ (चाकांचा कारखाना उभा राहिला नसता तर येलहंका आज वेगळे गाव असते.)

अट 1984 पूर्वीची, परिणाम आजचा, म्हणून ‘वुड हॅव बीन’ न येता ‘वुड बी’ आले आहे.

मराठीमुळे पडणारे चार सापळे

पहिला सापळा ‘आला तर’चा. मराठीतील भूतकाळी रूप येथे खुली अट दाखविते, त्यामुळे इंग्रजीत साधा वर्तमानकाळ घ्यावा.

दुसरा सापळा ‘येईल तर’ आणि ‘आल्यास’ यांचा. अटीचा भाग भविष्याबद्दल असला तरी त्यात ‘विल’ घालू नये.

तिसरा सापळा सर्वांत मोठा असून तो समतोलाचा आहे. मराठीत ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ या वाक्यात दोन्ही भागांचे रूप जवळजवळ सारखे असते. ‘आला असता’ आणि ‘गेलो असतो’ हे जोड कानाला इतके परिचित असते की इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालण्याचा मोह होतो : ‘इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन.’ हे अशुद्ध आहे. शुद्ध वाक्य ‘इफ ही हॅड कम, आय वुड हॅव गॉन’ असे होईल. अटीच्या घरात ‘हॅड’ आणि परिणामाच्या घरात ‘वुड’, ही वाटणी कायमची लक्षात ठेवावी.

चौथा सापळा काळाच्या संदिग्धतेचा. ‘माझ्याजवळ पैसे असते तर मी घर घेतले असते’ हे मराठी वाक्य आजच्या परिस्थितीबद्दल असू शकते किंवा दहा वर्षांपूर्वीच्याही. मराठीत दोन्हींसाठी एकच रचना चालते आणि संदर्भावरून अर्थ कळतो. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस’ आणि तेव्हाची असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस.’ दुसऱ्या वाक्यात ‘हॅड’ दोनदा आलेले पाहून ते चुकीचे समजू नये. पहिले साहाय्यक क्रियापद आहे आणि दुसरे मुख्य. भाषांतरापूर्वी ‘आज की तेव्हा?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

‘इफ’शिवाय अट

‘अनलेस’ या शब्दात नकार आधीच अंतर्भूत असतो. ‘नाला साफ केल्याशिवाय पाणी पुन्हा येईल’ यासाठी ‘अनलेस द ड्रेन इज क्लीन्ड, द वॉटर विल कम बॅक’ असे लिहावे. ‘अनलेस द ड्रेन इज नॉट क्लीन्ड’ असे लिहिल्यास अर्थ उलटा होतो.

‘इन केस’ म्हणजे ‘जर’ नव्हे. तो खबरदारीचा शब्द आहे. ‘आय विल कॅरी ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे न जाणो पाऊस आला तर, म्हणून छत्री आधीच घेतलेली असेल. ‘इफ’ वापरल्यास पाऊस येताना दिसला तरच ती घेतली जाईल.

‘प्रोव्हायडेड दॅट’ हा शब्दप्रयोग ‘या अटीवर की’ या अर्थी येतो आणि करार, निविदा, शासकीय आदेश यांत विशेष आढळतो.

औपचारिक लेखनात ‘इफ’ गाळून साहाय्यक क्रियापद आरंभी नेता येते : ‘हॅड द वॉर्निंग कम अर्लियर, पीपल वुड हॅव मूव्ह्ड.’ (इशारा आधी आला असता तर लोक हलले असते.) त्याचप्रमाणे ‘शुड यू नीड हेल्प’ आणि ‘वेअर द रेट टू फॉल’ या रचना होत. ‘इफ न वापरता वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न आला की ‘हॅड’, ‘शुड’ आणि ‘वेअर’ हे तीन शब्द आठवावेत.

कायदा आणि अर्थशास्त्र यांतील ‘जर-तर’

नागरिकाचे हक्क अनेकदा खुल्या अटीच्या एका वाक्यात बांधलेले असतात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानुसार माहिती देण्याची सामान्य मुदत 30 दिवसांची आहे. व्यक्तीच्या जीविताशी अथवा स्वातंत्र्याशी माहितीचा संबंध असल्यास ती 48 तासांची आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम मिळाले नाही तर मजूर बेरोजगारी भत्त्यास पात्र होईल, अशी तरतूद करण्यात आली होती. अशा तरतुदींच्या इंग्रजी मजकुरात अटीच्या भागात वर्तमानकाळ आणि परिणामाच्या भागात ‘शॅल’ येते. ‘शॅल’ असेल तर बंधन असते आणि ‘मे’ असेल तर अधिकाऱ्याला निर्णयाचा वाव असतो. या एका शब्दाने हक्क आणि सवलत यांतील फरक ठरतो. राज्यघटनेतील अनुच्छेद 356 वाचताना राष्ट्रपतींच्या अधिकाराबाबत ‘मे’ आहे की ‘शॅल’, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे.

अर्थशास्त्रातील मागणीचा नियम शून्य प्रकारात सांगितला जातो : किंमत वाढली की मागणी घटते. परंतु त्यामागे ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ ही दुसरी अट दडलेली असते. पहिल्या प्रकारातील वाक्ये लिहिताना ही सावधगिरी ‘विल’ऐवजी ‘मे’ वापरून व्यक्त करता येते. रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला तर गृहकर्जे स्वस्त ‘होतील’ असे म्हणण्यापेक्षा ‘होऊ शकतील’ असे म्हणणे अधिक बरोबर आहे, कारण बँका दरकपातीचा लाभ कर्जदारापर्यंत किती आणि केव्हा पोचवितात यावर परिणाम अवलंबून असतो.

तिसऱ्या प्रकाराचे वाक्य तर आर्थिक इतिहासाचे महत्त्वाचे साधनच आहे. चाकांच्या कारखान्यामुळे रेल्वेचा विषय निघालाच आहे, तर त्याचेच उदाहरण घेऊ. ‘रेल्वे आली नसती तर काय झाले असते?’ हा प्रश्न अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी 1964 च्या आपल्या ग्रंथात विचारला. कालवे, नद्या आणि रस्ते यांवरून वाहतूक झाली असती असे गृहीत धरून त्यांनी हिशेब मांडला. शेतमालाच्या वाहतुकीपुरता रेल्वेमुळे झालेला लाभ 1890 मधील अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1993 मध्ये त्यांना डग्लस नॉर्थ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. ब्रिटिशकालीन भारताबद्दल हाच प्रश्न डेव्ह डोनाल्डसन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात हाताळला. रेल्वे पोचल्यावर जिल्ह्याचे वास्तव कृषी उत्पन्न सुमारे 16 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. ही वाढ रेल्वेविनाही झाली असती काय, हे तपासण्यासाठी त्यांनी आखलेल्या परंतु प्रत्यक्षात न बांधलेल्या मार्गांवरील जिल्हे पाहिले. तेथे तशी वाढ दिसली नाही. ‘असते तर’ या वाक्याला पुरावा द्यायचा असतो आणि तो अशा तुलनेतून मिळतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

सराव

पुढील वाक्ये आधी स्वतः सोडवावीत आणि मगच उत्तरे पाहावीत. पहिल्या पाच वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करा.

1. उद्या गाडी उशिरा आली तर आम्ही बसने जाऊ.
2. मला कन्नड येत असते तर मी शेजाऱ्यांशी बोललो असतो. (आजची परिस्थिती)
3. तू काल अर्ज भरला असतास तर आज तुझ्याकडे प्रवेशपत्र असते.
4. पाणी गोठले की त्याचा बर्फ होतो.
5. नियमित सराव केल्याशिवाय तुझे इंग्रजी सुधारणार नाही.
6. वाक्य शुद्ध करा : ‘इफ शी वुड हॅव स्टडीड, शी वुड हॅव पास्ड.’
7. ‘इफ’ न वापरता लिहा : ‘इफ द रेन हॅड स्टॉप्ड, द शो वुड हॅव कंटिन्यूड.’

उत्तरे :

1. ‘इफ द ट्रेन कम्स लेट टुमॉरो, वुई विल गो बाय बस.’ ‘आली’ या रूपाने फसू नये, कारण अट खुली आहे.
2. ‘इफ आय न्यू कन्नड, आय वुड टॉक टू माय नेबर्स.’ परिस्थिती आजची आहे, म्हणून दुसरा प्रकार.
3. ‘इफ यू हॅड फिल्ड इन द फॉर्म यस्टरडे, यू वुड हॅव द हॉल टिकेट टुडे.’ अट कालची, परिणाम आजचा, म्हणून मिश्र प्रकार.
4. ‘इफ वॉटर फ्रीझेस, इट बिकम्स आइस.’ नेहमीचा नियम, म्हणून शून्य प्रकार.
5. ‘अनलेस यू प्रॅक्टिस रेग्युलरली, युअर इंग्लिश विल नॉट इम्प्रूव्ह.’ अटीच्या भागात ‘नॉट’ नको.
6. ‘इफ शी हॅड स्टडीड, शी वुड हॅव पास्ड.’
7. ‘हॅड द रेन स्टॉप्ड, द शो वुड हॅव कंटिन्यूड.’

यापुढील सरावासाठी रोज वृत्तपत्रातील एक बातमी निवडावी आणि तिच्यावर खुली, दूरची आणि मिटलेली अशा तीन अटींची तीन वाक्ये लिहावीत. महिनाभरात नव्वद वाक्ये होतील. नियम पाठ करण्यापेक्षा या नव्वद वाक्यांचा उपयोग अधिक होईल.

समारोप

येलहंक्याच्या तलावाकडे पुन्हा एकदा वळू. 2021 च्या पुरानंतर मिटलेल्या अटीची वाक्ये सर्वांनीच उच्चारली असतील : नाला रुंद असता तर, तलावातून पाणी वेळेवर सोडले असते तर, इशारा आधी मिळाला असता तर. ऑक्टोबर 2024 मध्ये अतिवृष्टीनंतर त्याच वसाहतीत पुन्हा पाणी शिरले आणि रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ‘असते तर’ असे म्हणणे निरर्थक नसते. त्यातून कारण शोधता येते. मात्र ते कारण सापडल्यावर वाक्याचा प्रकार बदलावा लागतो. ‘नाला रुंद असता तर पाणी शिरले नसते’ या वाक्याचे ‘पावसाळ्यापूर्वी नाला रुंद केला तर पाणी शिरणार नाही’ असे रूपांतर करणे, म्हणजे मिटलेली अट खुली करणे, हेच नियोजनाचे काम आहे. उद्याच्या प्रशासकांना ते करावे लागणार आहे. परीक्षेत ‘हॅड’ आणि ‘वुड’ यांच्या जागा बरोबर ठेवण्याची सवय ही त्याची लहानशी पूर्वतयारी होय. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही हेच खरे आहे. ‘मी सराव केला असता तर’ हे वाक्य निकालानंतर लिहावे लागू नये, यासाठी ‘मी सराव केला तर’ हे वाक्य आजच लिहिता येते.